लाइट नुसती झपकते, मग ड्राइव्ह का पडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. पीव्हीसी पाइपचा कारखाना, ११ केव्हीची ओव्हरहेड लाइन, स्वतःचा ट्रान्सफॉर्मर. पावसाळा लागला की दिवसातून दोन-तीनदा लाइट झपकते. जात नाही, नुसती डोळा मारते. पण तेवढ्यात चार ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे व्हीएफडी) बंद पडतात: एक्स्ट्रूडरचा, म्हणजे पीव्हीसी वितळवून पाइप बाहेर ढकलणाऱ्या यंत्राचा, ५५ किलोवॅटचा, डस्ट कलेक्टरच्या फॅनचा २२ चा, कूलिंगच्या पंपाचा ११ चा आणि हॉल-ऑफचा, म्हणजे तयार पाइप ओढून नेणाऱ्या यंत्राचा, २.२ चा. पाइप व्हॅक्यूम टँकमध्ये तुटतो, पुन्हा लाइन ओवून घ्यायला पाऊण तास जातो. पॅनलवाल्याने सर्वो स्टॅबिलायझरचं कोटेशन दिलंय. घ्यावा का?

नको. निदान या दुखण्यावर तरी नको. सर्वो स्टॅबिलायझरमध्ये मोटर फिरून कार्बन ब्रश सरकवते, मग व्होल्टेज दुरुस्त होतं. त्याची चाल सेकंदाला काही दहा व्होल्टची. तुमची झपक शंभर ते तीनशे मिलिसेकंदांत आटोपते, म्हणजे स्टॅबिलायझरला जाग येईपर्यंत पाहुणा येऊन गेलेला असतो. दिवसभर हळूहळू ३७० ते ४५० व्होल्ट हेलकावे खाणाऱ्या लाइनवर तो उपयोगी आहे. तुमची तक्रार ती नाही.

तुम्ही लिहिलेल्या एका ओळीत अर्धं उत्तर दडलंय. ‘एक्स्ट्रूडर आणि फॅनवर अंडरव्होल्टेजचा फॉल्ट दिसतो, पंप आणि हॉल-ऑफवर काहीच दिसत नाही, नुसते थांबलेले असतात.’ फॉल्ट न दाखवता थांबलेला ड्राइव्ह पडलेला नसतो, त्याला कोणीतरी थांब म्हणून सांगितलेलं असतं. फॉल्ट हिस्टरी कोरी आहे याचा अर्थ ड्राइव्हच्या पोटात सगळं ठीक होतं आणि त्याची रन कमांड, म्हणजे ‘चालू राहा’ हा सिग्नल, गेली.

हॉल-ऑफचं पॅनल उघडून बघा. बहुतेक असं सापडेल: स्टार्टचं हिरवं बटण, एक २३० व्होल्ट एसी कॉइलचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्टर (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच), त्याचाच एक एनओ, म्हणजे एरवी उघडा असणारा, कॉन्टॅक्ट बटणाला समांतर होल्डिंगसाठी, आणि दुसरा एनओ ड्राइव्हच्या रन टर्मिनलला. लाइट झपकली, कॉइलने सोडलं, होल्डिंग तुटलं. लाइट परत आली तरी आता कोणी बटण दाबल्याशिवाय काही उचलणार नाही. ड्राइव्ह बिचारा आज्ञाधारकपणे रॅम्पवर थांबलेला.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एक सोपा प्रयोग आहे. उत्पादन बंद असताना, पॉवर सर्किट आयसोलेट करून, त्या कंट्रोल सर्किटला व्होल्टेज हाताने कमी-जास्त करता येणारा एक छोटा व्हेरिअॅक लावा. २३० वर कॉन्टॅक्टर उचलू द्या आणि हळूहळू खाली या. १६०-१५० च्या आसपास तो गुणगुणायला लागतो, मग तडतडतो, आणि एका ठिकाणी ‘टक’ करून सोडतो. तो आकडा पेनने पॅनलच्या दारावर आतून लिहून ठेवा. एकाच मेकच्या दोन कॉन्टॅक्टरमध्येही फरक दिसतो. जुना, तापलेला, पोलांवर गंज चढलेला आधी सोडतो. पारदर्शक डबीतले छोटे प्लग-इन रिले तर बरेचदा त्याच्याही आधी.

आता तो आकडा कशाशी ताडून बघायचा? इथे ट्रान्सफॉर्मरची गंमत समजून घ्यायला हवी. तुमच्या सबस्टेशनमधून निघणाऱ्या दुसऱ्याच एखाद्या फीडरवर झाडाची फांदी पडली, एक फेज जमिनीला गेला. ब्रेकर तो फीडर तोडेपर्यंत सबस्टेशनच्या बसवरचा, म्हणजे सगळे फीडर जिथून निघतात त्या सामाईक पट्टीवरचा, तो फेज खाली बसतो, आणि तेवढा वेळ त्या बसवरच्या सगळ्यांना झपक बसते. तुमच्याच फीडरवर फॉल्ट झाला असता तर झपक नाही, लाइटच गेली असती. तुमचा ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार आहे (११ केव्हीची बाजू डेल्टा, ४१५ ची स्टार), त्यामुळे ११ केव्हीवर एक फेज पडला तरी ४१५ च्या बाजूला चित्र बदलतं. सर्वांत वाईट स्थितीत, म्हणजे तो फेज पूर्ण शून्य झाला तर, तुमच्याकडे दोन फेजचं न्यूट्रलशी व्होल्टेज ५८ टक्क्यांवर येतं आणि तिसरा फेज जसाच्या तसा राहतो. फेज-फेज मोजलं तर एका जोडीत ३३ टक्के, उरलेल्या दोन जोड्यांत ८८ टक्के.

म्हणजे २४० व्होल्टचे १३९. तुमच्या कॉन्टॅक्टरने १४५ ला सोडलं असेल तर तो पडणार, १२० ला सोडलं असेल तर तगणार. आणि कंट्रोलचा फेज नेमका तो तिसरा असेल तर त्याला झपक कळणारसुद्धा नाही. ‘आमच्याकडे कधी हॉल-ऑफ पडतो, कधी पंप, कधी दोन्ही, काही नियमच नाही’ असं तुम्ही म्हणता ना, नियम हा आहे. फांदी कुठल्या फेजवर पडली ते ठरवतं. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर दोन फेजमध्ये लावलेला असेल आणि ती जोडी ३३ टक्केवाली निघाली, तर मात्र कुठलाच कॉन्टॅक्टर वाचत नाही.

इलाज स्वस्त आहे. रन कमांडचं सगळं सर्किट २४ व्होल्ट डीसीवर आणा. ८५ ते २६४ व्होल्ट इनपुट चालणारा एसएमपीएस (एसीचा २४ व्होल्ट डीसी करणारा सप्लाय) घ्या आणि त्याच्यावर निम्माच लोड टाका. १३९ व्होल्टवर तो आरामात चालत राहतो. पूर्ण अंधाराच्या काही सायकल्ससाठी त्याच्यापुढे कपॅसिटरवाला बफर मॉड्यूल लावता येतो. फक्त इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीत कुठेही ऑफ-डिले घुसवू नका. झपक पचवायला लावलेला टायमर कोणाचा हात अडकला असतानाही तेवढाच वेळ मशीन फिरवत ठेवतो. आणि ड्राइव्हच्या आधी मेन कॉन्टॅक्टर असेल तर तोही बघा. तो पडला तर आत कितीही हुशार ड्राइव्ह असून उपयोग नाही, त्याचा दाणापाणीच तुटलेला असतो.

एवढ्याने चारातले दोन ड्राइव्ह सुटतील. उरलेले दोन, फॅन आणि एक्स्ट्रूडर, हे खरोखर आतून पडतात.

ड्राइव्हच्या आत काय होतं? सहा डायोडचा ब्रिज ४१५ व्होल्ट एसीचा डीसी करतो. ही डीसीची बाजू म्हणजे ड्राइव्हची ‘बस’. बिनलोड ती ४१५ गुणिले १.४१४, म्हणजे ५८७ व्होल्टला बसते. लोडवर साधारण ५६०. पुढे आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच त्या डीसीचे तुकडे करून मोटरला हवी ती फ्रिक्वेन्सी देतात. मध्ये साठा म्हणून कपॅसिटर. बस एका मर्यादेखाली गेली, चारशेच्या वर्गातल्या बऱ्याच ड्राइव्हमध्ये ती ३८० व्होल्टच्या आसपास असते, की ड्राइव्ह अंडरव्होल्टेज म्हणून हात वर करतो.

आता हा साठा किती आहे ते बघा. २२ किलोवॅटच्या ड्राइव्हमध्ये समजा १५०० मायक्रोफॅरड आहेत. ५६० वरून ३८० पर्यंत उतरताना त्यातून निघणारी ऊर्जा सुमारे १२७ ज्यूल. २२ किलोवॅटच्या भाराला ती किती वेळ पुरणार? जेमतेम ६ मिलिसेकंद. आपल्या लाइनची एक सायकल २० मिलिसेकंदांची. लोकांना वाटतं एवढे जाडजूड कपॅसिटर आहेत म्हणजे सेकंद-दोन सेकंद निघतील. मोबाइलच्या बॅटरीशी त्यांची तुलनाच नाही. ते तांब्याभर पाणी आहे आणि नळ पूर्ण सोडलेला आहे.

तरीही पूर्ण अंधार नसताना, फक्त वर सांगितलेल्या दोन-फेजच्या झपकेत, फॅन कधी तगतो आणि कधी पडतो, ते का? ८८ टक्केवाल्या दोन जोड्यांचं शिखर ५१७ व्होल्ट, आणि त्या दोन्ही जवळजवळ उलट दिशेच्या असल्याने त्यांची शिखरं एकापाठोपाठ लागून येतात. म्हणजे एरवी दर ३.३ मिलिसेकंदांनी भरणारी बस आता दर १० मिलिसेकंदांनी एकदाच भरते. मधल्या ६-७ मिलिसेकंदांच्या उपासात कपॅसिटर एकटा. आता सुरुवातच ५१७ वरून, त्यामुळे पूर्ण भारावर तो ४ मिलिसेकंदांच्या आसपास दम धरतो, म्हणजे पडला. पण तुमचा फॅन ४० हर्ट्झवर चालत असेल तर फॅनची पॉवर स्पीडच्या घनात उतरते, साधारण निम्मी होते, आणि तोच कपॅसिटर ८ मिलिसेकंद काढतो. वाचला. हिशोब ढोबळ आहे, चोक (करंटचा झटका अडवणारी कॉइल) आणि लाइनचा इंपीडन्स त्यात धरलेला नाही. पण तुमच्या ऑपरेटरचं म्हणणं, ‘डॅम्पर उघडा ठेवून फॅन हळू चालवला की कमी पडतो’, हे वहीत नोंदवण्यासारखं आहे. त्याने न शिकता बरोबर पकडलंय.

हळू चालवण्याचा आणखी एक फायदा आहे. बस ८० टक्क्यांवर आली तर ड्राइव्ह मोटरला जास्तीत जास्त ३३० व्होल्ट देऊ शकतो. ५० हर्ट्झवर मोटरला ४१५ लागतात, म्हणजे टॉर्क कमी पडणार. ३५ हर्ट्झवर २९० च लागतात, तिला काही फरकच पडत नाही.

झपक संपताना जे होतं त्याकडे फारसं कोणी बघत नाही. बस ३८० वर आणि समोरून एकदम ५८७ चं शिखर आलं. ड्राइव्ह चालू करताना कपॅसिटर प्रीचार्ज रेझिस्टरमधून सावकाश भरतो, पण चालू ड्राइव्हमध्ये तो रेझिस्टर बायपास झालेला असतो. दोनशे व्होल्टचा फरक आणि अडवायला फक्त केबल. करंटचा असा काही फटका बसतो की फ्यूज उडतात, डायोड मॉड्यूल जातं. पावसाळ्यात ‘ड्राइव्ह फुटला’ म्हणून आलेल्या कितीतरी फोनमागे मला हेच सापडलंय, आणि त्या बहुतेक ड्राइव्हना ना इनपुट चोक होता ना आत डीसी चोक. ३ टक्क्यांचा लाइन चोक लावा. स्टॅबिलायझरच्या कोटेशनच्या पैशात चारही ड्राइव्हना चोक बसतील आणि उरतील. अंडरव्होल्टेजची मर्यादा पॅरामीटरमधून खाली ओढण्याचा मोह होतो, काही ड्राइव्हमध्ये ती सोयही आहे. पण मर्यादा खाली नेली की परत येणारा फटका मोठा होतो. आधी चोक, मग तो विचार.

आता फॅनची खरी गोष्ट. कपॅसिटरमध्ये १२७ ज्यूल होते. फॅनच्या इंपेलरमध्ये किती आहेत? जडत्व ५ किलो-मीटर वर्ग धरा आणि ४० हर्ट्झला साधारण ११७० आरपीएम. ऊर्जा निघते ३७ हजार ज्यूल. जवळजवळ ३०० पट! साठा आपल्याकडे होताच, तो चुकीच्या डब्यात शोधत होतो.

हा साठा वापरण्याची सोय आज बऱ्याच चांगल्या ड्राइव्हमध्ये असते, नावं वेगवेगळी. सीमेन्समध्ये कायनेटिक बफरिंग किंवा व्हीडीसी-मिन कंट्रोलर, एबीबीमध्ये अंडरव्होल्टेज कंट्रोल, यास्कावामध्ये केईबी, डॅनफॉसमध्ये मेन्स फेल्युअरखाली कायनेटिक बॅकअप. काम एकच. बस घसरायला लागली की ड्राइव्ह आपली फ्रिक्वेन्सी रोटरच्या वेगापेक्षा किंचित खाली आणतो. मोटर जनरेटर होते आणि फॅनची गती वीज बनून बसमध्ये परत येते. ड्राइव्हला त्यातून फक्त स्वतःचं आणि मोटरचं लॉस भागवायचं असतं. बाकी फॅन हवा ढकलत आपोआप मंदावतोच. वरच्या आकड्यांत १० टक्के वेग उतरेपर्यंत ७ हजार ज्यूल मिळतात, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ. तेवढ्यात लाइट परत आलेली असते, ड्राइव्ह रॅम्पने वर चढतो आणि खालच्या माणसाला आवाज थोडा बसल्यासारखा वाटतो, इतकंच.

इथे माझीच एक फजिती सांगतो. एका फाउंड्रीत मोठ्या फॅनवर मी हे फंक्शन चालू करून, टेस्ट करून, चहा पिऊन आलो. पहिल्याच वादळात फॅन बंद. फोनवर मी पॅरामीटर वाचून दाखवायला लावले, सगळे बरोबर. गेन बदलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी स्वतः जाऊन बसलो तेव्हा दिसलं की झपकेत रन कमांडचा २३० व्होल्टचा रिले पडत होता. कमांड गेली की ड्राइव्ह कशाला बफरिंग करील? टेस्ट मी फक्त ड्राइव्हची इनकमिंग पाडून केली होती, कंट्रोल दुसऱ्या सप्लायवर जिवंत होतं, म्हणून ती पास झाली. म्हणून वर आधी कॉन्टॅक्टरचं पुराण लावलं. क्रम तोच ठेवा.

टेस्ट करताना इनकमर सारखा खाली-वर करू नका. दर वेळी प्रीचार्ज रेझिस्टर तापतो. मध्ये दोन-तीन मिनिटं जाऊ द्या.

बफरिंगनेही भागलं नाही आणि ड्राइव्ह पडलाच, तर फॅन अजून फिरतोय हे ड्राइव्हला कळायला हवं. त्यासाठी फ्लाइंग स्टार्ट किंवा स्पीड सर्च चालू करा. तो नसेल तर ड्राइव्ह शून्यापासून सुरू करायला बघतो, फिरती मोटर जनरेटरसारखी बसमध्ये वीज लोटते आणि ओव्हरव्होल्टेज किंवा ओव्हरकरंट येतो. मग फॅन पूर्ण थांबायची वाट बघत बसा.

एक्स्ट्रूडरकडे हा साठा नाही. स्क्रू जड दिसतो खरा, पण गिअरबॉक्समधून मोटरकडे बघितलं तर त्याचं जडत्व नगण्य, आणि बॅरलमधला घट्ट माल त्याला ब्रेकसारखा धरून ठेवतो. कमांड गेली की तो जागच्या जागी थांबतो. बफरिंग चालू करून थोडाफार वेळ मिळेल, पण तुमची लांब झपक त्यात मावणार नाही. अगदी तोटाच परवडत नसेल तर डीसी बसवर सुपरकपॅसिटरचा बँक किंवा अॅक्टिव्ह फ्रंट एंडवाला ड्राइव्ह असे रस्ते आहेत. दुसरा झपकेतही, करंटच्या मर्यादेत, बस उचलून धरतो. दोन्ही महाग. मी आधी वर्षभराचा वाया गेलेला माल आणि वेळ मांडून बघायला सांगेन.

त्यापेक्षा एक काम फुकट आहे. हॉल-ऑफच्या वेगाचा रेफरन्स एक्स्ट्रूडरच्या सेट स्पीडवरून नाही, प्रत्यक्ष स्पीडवरून घ्या. झपकेत एक्स्ट्रूडर मंदावला आणि हॉल-ऑफ मात्र पूर्वीच्याच वेगाने ओढत राहिला, तर पाइपची भिंत पातळ होऊन तिथेच तुटते. दोघं एकत्र मंदावले तर थोडी जाडी इकडे-तिकडे झालेला तुकडा कापून टाकायचा, लाइन तुटत नाही. २.२ किलोवॅटचा हॉल-ऑफ क्वचितच पूर्ण भारावर असतो, त्यामुळे कंट्रोल दुरुस्त केल्यावर तो स्वतःहून पडणार नाही असा माझा अंदाज आहे.

एक्स्ट्रूडरला ऑटो रिस्टार्ट मात्र देऊ नका. अर्ध्या सेकंदाच्या आत सप्लाय परत आला तर आउटपुट तोडून पुन्हा जोडणारा छोटा राइड-थ्रू ठीक आहे. त्यापुढे ऑपरेटरने मेल्ट प्रेशर बघून, कमी स्पीडवर, हाताने सुरू करावं. त्याला हेही माहीत हवं की पीव्हीसी गरम बॅरलमध्ये पडून राहिलं की जळतं आणि अॅसिडची वाफ सोडतं, त्यामुळे ‘बघू जेवण झाल्यावर’ हेही चालणार नाही. कन्व्हेयर, मिक्सर, पल्व्हरायझर, जिथे जाम काढायला कोणी हात घालू शकतो, तिथे ऑटो रिस्टार्टचं नावच नको. फॅन जाळीत बंद आहे आणि डक्टचं दार इंटरलॉक आहे, म्हणून तिथे चालतो.

पंपाचं थोडक्यात: मोटर आणि इंपेलर हलके, बफरिंगला वाव नाही. तुमचा पंप निम्म्या भारावर चालत असल्याने कॉन्टॅक्टर सुधारल्यावर बहुतेक झपका तो पचवील. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळका असेल तर थांबल्यावर पाणी उलटं येऊन पंप उलटा फिरतो; रिस्टार्टला काही सेकंदांचा डिले ठेवा.

एक शंका अजून उरते. सगळ्या झपका लाइनच्याच असतात असं नाही. तुमचा चिलरचा कॉम्प्रेसर डीओएल (थेट लाइनवर सुरू होणारा) किंवा स्टार-डेल्टावर असेल तर तोही सुरू होताना स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरवर डिप पाडतो. डीओएलला सहा-सात पट करंट, तोही काही सेकंद. ती झपक उथळ पण लांब असते, आणि तिन्ही फेजवर सारखी. लॉगबुकमध्ये ड्राइव्ह पडल्याची वेळ आणि कॉम्प्रेसर सुरू झाल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहा. पंधरा दिवसांत कळेल. वेळ जुळली तर इलाज कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर लावण्याचा.

पुढच्या वेळी पडले की रीसेट दाबण्याआधी ऑपरेटरला एवढंच करायला सांगा: ड्राइव्हच्या फॉल्ट हिस्टरीत जाऊन त्या क्षणाचं डीसी बस व्होल्टेज, आउटपुट फ्रिक्वेन्सी आणि करंट, या तिन्हींचा मोबाइलवर फोटो. रीसेट मारून ‘सुरू झालं साहेब’ म्हणण्याची सगळ्यांना घाई असते. एक्स्ट्रूडरचे असे तीन-चार फोटो जमले की पाठवा. बस ३८० च्या जवळ तुटली होती की बरीच वर असताना, यावरून मी सांगू शकेन की सुपरकपॅसिटरचा खर्च करायचा की तिथेही एखादा इंटरलॉकचा रिलेच आधी पडतोय.